फेक, झेल, उडी, लंगडी: पहिली ते चौथीच्या मुलांना मूलभूत हालचाली कशा शिकवायच्या

तिसरीतली एक मुलगी लगोरीच्या खेळात कायम मागे उभी राहायची. चेंडू तिच्याकडे आला की उचलून शेजारच्याच्या हातात द्यायची, स्वतः कधी फेकायची नाही. एकदा तिला एकटीला बाजूला घेतलं आणि म्हटलं, "फेक बरं भिंतीवर, जोरात." तिने उजव्या हातात चेंडू धरला, उजवाच पाय पुढे टाकला आणि कोपरापासून हात ढकलला. चेंडू चार पावलांवर पडला. अंगात ताकद नव्हती असं नाही. हापशावरून भरलेली कळशी ती रोज घरी नेत होती. तिला फेकायला कुणी शिकवलंच नव्हतं. त्या दिवशी फक्त एक गोष्ट बदलली, उजव्या हाताने फेकताना डावा पाय पुढे. दहाव्या-बाराव्या फेकीला चेंडू भिंतीवर आपटला आणि ती माझ्याकडे न बघता चेंडू आणायला पळाली.

'अ' गिरवताना आपण मुलाचा हात धरतो, वळण दाखवतो, पाटीवर पन्नास वेळा काढून घेतो. फेकणं, झेलणं, उडी मारणं मात्र मूल मोठं झालं की आपोआप येईल असं धरून चालतो. काहींना येतं, कारण त्यांच्या गल्लीत क्रिकेट असतं, मोठा भाऊ असतो. बाकीच्यांना येत नाही. चौथीपर्यंत ही मुलं 'मला खेळ आवडत नाही' म्हणायला लागतात. वयाबरोबर शरीर तयार होतं हे खरं, पण कौशल्य शिकवण्याने आणि सरावानेच येतं.

हा लेख पहिली ते चौथीच्या शिक्षकांसाठी आहे. जिथे क्रीडाशिक्षक वेगळा नाही, वर्गशिक्षकच कवायत घेतो, मैदान मातीचं आहे आणि साहित्याच्या पेटीत दोन चेंडू व एक दोरी आहे, अशी शाळा डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे.

शिकवायचं नेमकं काय?

मूलभूत हालचालींचे ढोबळ तीन गट आहेत. पहिल्यात जागा बदलणाऱ्या हालचाली येतात: पळणं, उडी, लंगडी, घोड्यासारखं दौडणं, बाजूने सरकणं. दुसऱ्यात तोल, म्हणजे एका पायावर उभं राहणं, रेषेवरून चालणं, वळणं, वाकणं, गपकन थांबणं. तिसऱ्यात वस्तू हाताळणं: फेकणं, झेलणं, लाथ मारणं, टोलवणं, टप्पे देणं. कबड्डी, खो-खो, क्रिकेट, फुटबॉल, लेझीम असं पुढचं सगळं यांच्यातूनच उभं राहतं. बाजूने सरकता न येणारं मूल कबड्डीत चढाई कशी करणार?

खो-खोचा पहिला विश्वचषक जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झाला. भारताच्या महिला आणि पुरुष, दोन्ही संघांनी तो जिंकला आणि प्रियांका इंगळे व प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. त्यानंतर माझ्या वर्गातल्या मुलांना लगेच खांब रोवून हवे होते. खांब रोवले, पण पहिले तीन आठवडे त्यांच्याकडून फक्त बसलेल्या जागेवरून झटकन उठणं, चार पावलांत वेग घेणं आणि पळता पळता दिशा बदलणं एवढंच करून घेतलं. खेळाचे नियम शिकायला एक दुपार पुरली.

कवायत, डंबेल्स, घुंगरकाठी मी घेतो. ताल येतो, एकत्र हलायची सवय लागते. पण सावधान-विश्राममध्ये अख्खी तासिका गेली तर त्या दिवशी एकाही मुलाने एकही चेंडू झेललेला नसतो, हे लक्षात ठेवायला हवं.

पाळी किती वेळा येते?

एकच गोष्ट बदलायची असेल तर ही बदला. ३० मुलांची एक रांग आहे, चेंडू एक आहे आणि प्रत्येकाला १० सेकंद लागतात असं धरा. एक फेरी ५ मिनिटांची झाली. २० मिनिटांत प्रत्येक मुलाच्या वाट्याला चार फेकी आल्या आणि उरलेला सगळा वेळ ते समोरच्याचा शर्ट ओढत उभं होतं. आता त्याच मुलांच्या १५ जोड्या करा आणि प्रत्येक जोडीला एक चेंडू द्या. इकडून तिकडे चेंडू जायला ६ सेकंद लागले, तर प्रत्येक मूल १२ सेकंदांना एकदा फेकतं आणि एकदा झेलतं. दहाच मिनिटांत ५० फेकी आणि ५० झेल. चेंडू पडतात, लांब पळतात म्हणून निम्मेच धरले तरी २५ झाले.

म्हणून तासिका ठरवताना स्वतःला विचारा, आज प्रत्येक मुलाच्या हातात चेंडू किती वेळा येणार? उत्तर दहाच्या आत असेल तर मांडणी बदला. रांग लावायचीच असेल तर चारपेक्षा जास्त मुलांची नको.

पंधरा चेंडू आणायचे कुठून?

वर्तमानपत्राची दोन-तीन पानं घट्ट चुरगळून गोळा करा. पंक्चरवाल्याकडून सायकलची टाकाऊ ट्यूब आणा, बोटभर रुंदीच्या रिंगा कापा आणि गोळ्यावर आडव्या-उभ्या पाच-सहा चढवा. चेंडू तयार. तो लागत नाही, लांब घरंगळत नाही आणि मुठीत नीट बसतो. चौथीची मुलं एका तासिकेत वर्गापुरते चेंडू करतात. पावसात भिजले की टाकून द्यावे लागतात, तेवढं सोडलं तर यात खोट नाही.

शिंप्याकडच्या चिंध्यांच्या तळहाताएवढ्या पिशव्या शिवून घ्या. आत चिंचोके भरा. ज्वारी-तांदूळ भरले तर उंदीर कुरतडतात, हा धडा मी एका दिवाळीच्या सुट्टीत घेतला. पिशवी हातात पडली की उसळत नाही, म्हणून झेल शिकायला ती चेंडूपेक्षा चांगली. शिवाय डोक्यावर ठेवून चालता येते, पायाच्या चवड्यावर ठेवून लंगडी घालता येते.

याशिवाय सायकलचे जुने टायर, वाळू भरलेल्या पाण्याच्या बाटल्या, सुतळी, जुन्या ओढणीचे हातभर तुकडे आणि रेषा मारायला फक्की. फक्की नसेल तर काठीने मातीत ओढलेली रेघसुद्धा एका तासिकेला पुरते.

मैदानावर पाय ठेवण्याआधी

मुलं यायच्या आधी स्वतः एक चक्कर मारा. काच, खडी, बाभळीचे काटे बघा. पावसाळ्यानंतर सराटे हमखास असतात. पायात एक गेला की त्या दिवसापुरतं ते मूल पळणं विसरतं. स्लिपर घालून पळू देऊ नका, पाय तिथेच मुरगळतो. बूट नसतील तर झाडून घेतलेल्या मातीवर अनवाणी पळणं बरं. विहीर, रस्ता आणि गंजलेली घसरगुंडी यांच्यापासून हद्द आखून घ्या आणि हद्दीच्या बाहेर गेलेला चेंडू शिक्षकांनी आणायचा, हा नियम पहिल्याच दिवशी सांगा.

फेब्रुवारीनंतर दुपारची तासिका नको. सकाळची शाळा सुरू झाली की पहिला किंवा दुसरा तास मैदानासाठी मागून घ्या. पाणी आधी, मध्ये आणि नंतर. आणि जोड्या उभ्या करताना कुणाचंही तोंड सूर्याकडे येणार नाही हे बघा. अर्धे झेल तिथेच सुटतात.

३५ मिनिटं कशी वापरायची

पहिली ५ मिनिटं शिवणापाणी किंवा विषामृत. अंग गरम होतं आणि वर्गातली कोंडलेली ताकद बाहेर पडते. आधी 'शांत उभे राहा' म्हणत बसलात तर तीच ५ मिनिटं ओरडण्यात जातात. मग १५ ते १८ मिनिटं एकच कौशल्य. त्यानंतर दहाएक मिनिटं त्याच कौशल्याचा खेळ. शेवटी मोठे श्वास, हातपाय सैल सोडणं, साहित्य जागेवर ठेवणं.

एका तासिकेत एक कौशल्य आणि त्या कौशल्यातला एकच मुद्दा. आज डावा पाय म्हणजे डावा पाय. कोपर चुकत असेल तर चुकू द्या, त्याची पाळी पुढच्या तासिकेला येईल. सात वर्षांच्या मुलाला एका दमात तीन सूचना दिल्या तर ते एकही पाळत नाही. मी स्वतः कितीतरी दिवस ही चूक केली.

दाखवताना तोंड बंद ठेवा. मुलं एक तर बघतात नाहीतर ऐकतात. तीन वेळा न बोलता करून दाखवा, त्यात एकदा तरी बाजूने, म्हणजे पाय आणि कोपर दिसतील. मग तालावर म्हणता येतील असे दोन-तीन शब्द द्या. मुलं ते शब्द स्वतःशी पुटपुटत सराव करतात आणि घरी धाकट्या भावंडालाही शिकवतात. तुम्हाला स्वतःला लंगडी जमत नसेल तर वर्गातल्या एखाद्या मुलाला पुढे बोलवा, पण रोज त्याच मुलाला नको.

चूक दाखवताना 'असं नाही' म्हणून उपयोग होत नाही. "पाय आला, छान. आता खांदा भिंतीकडे." काय आलं आणि आता काय करायचं, एवढंच.

फेक

याच कौशल्यात सगळ्यात मोठी तफावत दिसते आणि शिकवल्याचा फरकही इथेच सगळ्यात लवकर कळतो. खांद्यावरून फेकताना चार गोष्टी बघा. पहिली, मूल भिंतीकडे तोंड करून उभं आहे की बाजू करून? उजव्या हाताने फेकणाऱ्याचा डावा खांदा भिंतीकडे हवा. दुसरी, हात खालून मागे जाऊन वर येतो का, आणि कोपर खांद्याच्या उंचीला येतो का? तिसरी, विरुद्ध पाय पुढे पडतो का? चौथी, फेकल्यावर कंबर फिरून हात पलीकडच्या मांडीपर्यंत येतो का, की हवेतच थांबतो?

अगदी नवखं मूल पाय हलवतच नाही, फक्त हाताने ढकलतं. थोडं पुढे गेलेलं मूल पाऊल टाकतं, पण त्याच बाजूचं. ही पायरी नीट ओळखा, कारण इथेच बरीच मुलं वर्षानुवर्षं अडकून पडतात. उपाय सोपा आहे. विरुद्ध पायाच्या घोट्याला सुतळी बांधा आणि जमिनीवर फक्कीने पावलाचा ठसा काढा: "सुतळीचा पाय ठशावर." शब्द तीनच: "खांदा, पाय, फेक!"

दुसरी गोष्ट थोडी उलटी वाटेल. सुरुवातीला नेम धरायला लावू नका. जवळ डबा ठेवून 'यात टाक' म्हटलं की मूल जपून, मनगटाने चेंडू टोचतं. कंबर आणि पाय वापरायची त्याला गरजच पडत नाही. सहा-सात मीटरवरच्या भिंतीवर 'आवाज येईल अशी फेक' म्हणा. जोर लावायचा म्हटलं की शरीर आपसूक फिरतं, पाऊल लांब पडतं. चेंडू भलतीकडे गेला तरी चालेल. नेम दोन-तीन आठवड्यांनी, फेकीचं वळण बसल्यावर आणा, आणि तेव्हा लगोरी मांडा.

सुरक्षेसाठी सगळी मुलं एकाच दिशेला फेकतील अशी रांग करा. एका शिट्टीला फेक, दुसऱ्या शिट्टीला सगळ्यांनी एकदम चेंडू आणायचे. मधेच कुणी पुढे जायचं नाही.

डावखुऱ्या मुलाचा हात बदलू नका. त्याला फक्त सगळं आरशातल्यासारखं उलटं दाखवा, म्हणजे तुम्हीही डाव्या हाताने फेकून दाखवा.

झेल

झेलाच्या मुळाशी बहुतेक वेळा भीती असते. चेंडू आला की मूल मान वळवतं, डोळे मिटतं, हात काठीसारखे ताठ करतं किंवा दोन्ही हातांनी चेंडू छातीशी कवटाळतं. कधीतरी टणक चेंडू तोंडावर बसलेला असतो. म्हणून पहिल्या दिवशी चेंडूच नको. ओढणीचा तुकडा वर उडवा आणि तो तरंगत खाली येताना पकडा. कापड सावकाश येतं, लागत नाही, डोळ्यांना त्याचा माग घ्यायला वेळ मिळतो. मग फुगा. मग चिंचोक्याची पिशवी स्वतः उडवून स्वतःच झेलायची, आधी डोळ्यांच्या उंचीपर्यंत, मग डोक्याच्या वर, मग मध्ये एक टाळी, मग दोन. टाळ्यांची मोजणी सुरू झाली की मुलांना थांबवावं लागतं.

चेंडूवर आल्यावर आधी जमिनीवरचा टप्पा झेलायचा, त्यानंतर जोडीदाराने खालून हळूच टाकलेला. जोडीदाराला नीट टाकता येणं हाच निम्मा झेल असतो, म्हणून 'त्याला झेलता येईल असा टाक' हे शिकवण्यात एक अख्खी तासिका गेली तरी वाया जात नाही. अंतर दोन मीटर. तीन झेल लागोपाठ आले की एक पाऊल मागे, सुटला की एक पाऊल पुढे. अशाने प्रत्येक जोडी आपापल्या अंतरावर खेळते आणि कुणाशी तुलना होत नाही.

शब्द: "बघ, हात पुढे, आत ओढ." चेंडू कमरेखाली आला तर करंगळ्या जवळ, छातीच्या वर आला तर अंगठे जवळ. मुलाची नजर चेंडूवर टिकत नसेल तर चेंडूवर मोठे आकडे लिहा आणि झेलायच्या आधी आकडा मोठ्याने सांगायला लावा. पहिलीला फुटबॉलएवढा हलका चेंडू सोपा जातो, पण तो कवटाळायची सवय लागते; म्हणून लवकरच दोन हातांच्या ओंजळीत मावेल असा आणा. पांढरा चेंडू आकाशात हरवतो, लाल किंवा पिवळा बरा.

एक गोष्ट मनापासून सांगतो. सगळं करूनही एखादं मूल सतत चुकत असेल, विशेषतः एकाच बाजूचा चेंडू त्याच्याकडून सुटत असेल, तर त्याला वेंधळं म्हणू नका. डोळे तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा त्या मुलाचं नाव वेगळं काढून सांगा. माझ्या वर्गातल्या एका मुलाला चष्मा लागला आणि त्याचा झेलच नव्हे, शुद्धलेखनही सुधारलं.

उडी: आधी उतरायला शिकवा

लांब उडी म्हटलं की आपण टेपने अंतर मोजायला घेतो. आधी उतरणं. एक वीत उंचीच्या पायरीवरून किंवा दोन विटांच्या चौथऱ्यावरून मऊ मातीत दोन्ही पायांवर उतरायचं, गुडघे वाकवून, आवाज न करता. "मांजर कसं उतरतं?" एवढं विचारलं की सात वर्षांचं मूल बरोबर उतरतं. गुडघे आतल्या बाजूला एकमेकांकडे झुकताहेत का ते समोरून बघा. झुकत असतील तर पाय खांद्यांइतके लांब ठेवायला सांगा. सिमेंटवर हा सराव घेऊ नका.

उतरणं बसलं की हात. बरीच मुलं हात अंगाला चिकटवून उडी मारतात किंवा उडताना हात मागे नेतात. 'वाक, हात मागे, हात आभाळात!' जमिनीवर सुतळीच्या दोन तिरक्या रेघा टाका, एका टोकाला अरुंद आणि दुसऱ्या टोकाला रुंद. या दोन रेघांमधली जागा म्हणजे ओढा. प्रत्येकाने आपल्याला जमेल तिथून ओलांडायचा आणि जमलं की रुंद बाजूला सरकायचं. तळ्यात-मळ्यात पहिलीसाठी उत्तम, फक्त चुकलेल्याला बाहेर काढू नका.

लंगडी आणि उड्या मारत चालणं

लंगडी आपल्याकडे खेळ म्हणून इतकी रुजली आहे की ते शिकवायचं कौशल्य आहे हेच विसरायला होतं. बघा: मोकळा पाय मागे दुमडून झोक्यासारखा हलतो का, हात मदत करतात का, पाय चवड्यावर पडतो का, की पूर्ण तळवा आपटतो? काही मुलं हाताने पाय धरून ठेवतात. तोल जायची भीती असते म्हणून. त्यांना भिंतीचा किंवा जोडीदाराच्या खांद्याचा आधार द्या आणि तीनच उड्या मागा. पुढच्या आठवड्यात पाच. आणि दोन्ही पायांवर. खेळात पाय बदलता येत नाही, त्यामुळे मुलं कायम सवयीच्याच पायावर लंगडतात आणि दुसरा पाय मागे राहतो. सरावात तरी तो वापरून घ्या. ठिकरीची घरं व्हरांड्यात कायमची रंगवून ठेवलीत तर मधल्या सुट्टीत हा सराव तुमच्याशिवाय होतो.

घोड्याची दौड, म्हणजे एक पाय कायम पुढे आणि मागचा पाय त्याला गाठायला येतो, ही मुलं आनंदाने करतात. 'टबडक टबडक' म्हणत मैदानाच्या एका टोकाला जायचं आणि परतताना पुढचा पाय बदलायचा. त्यानंतर पाऊल-लंगडी: एका पायावर पाऊल टाकून त्याच पायावर छोटी उडी, मग दुसऱ्या पायावर तसंच. हे साधारण सहा-सात वर्षांच्या सुमारास जमायला लागतं, म्हणून पहिलीत अर्ध्या वर्गाला आलं नाही तरी काळजी नको. सावकाश, चालत करून घ्या: "पाऊल-उडी, पाऊल-उडी." हलगी किंवा डफ असेल तर पाय लवकर ताल धरतो.

पळणं, तोल, लाथ आणि टोला

पळताना हात छातीसमोर आडवे फिरत असतील तर वेग वाया जातो. 'खिसा ते हनुवटी' एवढे दोन टप्पे सांगितले की हात सरळ हलतात. पण सरळ रेषेत शर्यती लावण्यापेक्षा वळणं आणि थांबणं शिकवण्यावर जास्त वेळ घालवा. वळताना पावलं छोटी, कंबर खाली. 'थांब' म्हटलं की दोन पावलांत पुतळा. जोडीने सावली-सावली खेळवा: पुढचा पळेल तसं मागच्याने पळायचं, अंगाला स्पर्श न करता.

तोलासाठी फक्कीच्या रेषेवरून टाच-चवडा लावत चालणं, मग डोक्यावर पिशवी, मग उलटं चालणं. एका पायावर उभं राहताना समोरच्या एका खुणेवर नजर लावायला सांगितलं की वेळ लगेच वाढतो. खेलो इंडियाच्या शारीरिक क्षमतेच्या चाचणीत लहान गटाला एका पायाचा तोल आणि तबकड्यांवर झटपट हात लावणं असतं, ते वेगळं घोकून घ्यायची गरज पडत नाही.

लाथ मारताना टेकलेला पाय चेंडूच्या शेजारी पडला पाहिजे, मागे नाही. दोन-तीन पावलं धावत येऊन, बुटाच्या नाडीच्या भागाने. टोल्यासाठी चेंडू वाळूच्या बाटलीवर ठेवा. हलणारा चेंडू टोलवणं नंतरचं. विटी-दांडू मला फार प्रिय आहे, पण पहिली-दुसरीच्या घोळक्यात खरी विटी नको, ती डोळ्याला बसते. कागदी चेंडू आणि हलकी फळी द्या, आणि टोलवणाऱ्याभोवती फक्कीचं मोठं वर्तुळ आखा.

बाद झालेलं मूल

संगीत खुर्चीत सगळ्यात आधी कोण बाद होतं? ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज आहे ते. आणि मग ते उरलेला वेळ बसून असतं. म्हणून माझ्या तासिकेत बाद झालेलं मूल बाहेर जातं, पाच उड्या मारतं किंवा पिशवीचे पाच झेल घेतं आणि परत खेळात येतं. संघ पाडताना दोन कर्णधारांना मुलं निवडायला लावू नका. शेवटी उरलेल्या मुलाचा चेहरा एकदा बघितला असेल तर कारण सांगावं लागणार नाही. एक-दोन-तीन-चार मोजून गट पाडा.

शिक्षा म्हणून मैदानाच्या फेऱ्या आणि उठाबशा देऊ नका. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. शिवाय ज्या पळण्याची मुलाला गोडी लागावी म्हणून आपण वर्षभर धडपडतो, तेच पळणं शिक्षा म्हणून द्यायचं?

मुली मागे राहतात त्या बहुतेक वेळा संधी नसल्याने. शाळेबाहेर चेंडू त्यांच्या हातात कमी येतो, मग मैदानावर तरी तो आधी त्यांच्या हातात द्या. अंध किंवा अंधुक दिसणाऱ्या मुलासाठी चेंडूला घुंगरं बांधा किंवा तो कागदी पिशवीत घाला, आवाजावरून ते मूल त्याला गाठतं. चाकाच्या खुर्चीतल्या मुलाला गुण लिहायला बसवणं म्हणजे सहभाग नव्हे; फेक आणि झेल त्यालाही शिकायचे असतात. दम्याच्या मुलाचा पंप दप्तरात नको, मैदानावर हवा. विदर्भात आणि नंदुरबारकडे आदिवासी भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची मुलं वर्गात असतात. त्यांना वारंवार पाणी, मध्ये मध्ये विश्रांती, अति ऊन आणि अति थंडी दोन्ही टाळणं आणि झेपेल तेवढंच, हे पाळा. किती झेपतं ते पालकांना आणि आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारून ठेवा. दुखतंय म्हणाली तर लगेच थांबवा, बहाणा समजू नका.

वर्षाची आखणी आणि नोंद

शाळा जूनमध्ये पावसाबरोबर सुरू होते, तेव्हा मैदान चिखलाचं असतं. म्हणून जून ते सप्टेंबर व्हरांडा आणि वर्गात होण्यासारखं घ्या: तोल, लंगडी, ओढणीचे झेल, पिशव्या. बाकं भिंतीला लावली की बरीच जागा होते. पाऊस उघडला की उड्या आणि पळणं. दिवाळीनंतर मैदान कोरडं आणि ऊन सौम्य असतं. फेक, झेल, लाथ, टोला यांना तेच महिने द्या. जानेवारी-फेब्रुवारीत लगोरी, खो-खो, डॉजबॉलसारखा मऊ चेंडूचा खेळ. एक कौशल्य दोन-तीन आठवडे धरा, मग सोडा आणि महिन्याभराने पुन्हा उजळणीला आणा. आठवड्यात दोन तासिका मिळत असतील तर वर्षात सात-आठ कौशल्यं नीट होतात. त्यापेक्षा जास्तीचा हव्यास मी सोडून दिला आहे.

नोंदीसाठी किती लांब फेकलं, किती सेकंदांत पळालं ते लिहू नका. त्यात उंच मूल जिंकतं. कसं केलं ते लिहा. अमेरिकेतले डेल उलरिख यांनी १९८५ साली मुलांच्या मोठ्या हालचालींची एक चाचणी तयार केली. तिची पद्धत साध्या वहीतही जमते: प्रत्येक कौशल्याचे तीन-चार मुद्दे, प्रत्येक मुद्दा दिसला तर १, नाही दिसला तर ०. फेकीचे वर सांगितलेले चार मुद्दे चार रकान्यांत घ्या. एका तासिकेत पाचच मुलं बघा, प्रत्येकाच्या दोन फेकी. मुलांना कळू देऊ नका, नाहीतर ती तुमच्यासाठी फेकायला लागतात. सहा तासिकांत तिसांचा वर्ग होतो. ज्या रकान्यात शून्यांची रांग दिसते, तो पुढच्या आठवड्याचा धडा.

मार्च-एप्रिलमध्ये हीच नोंद पुन्हा करा आणि वही पुढच्या इयत्तेच्या शिक्षकांकडे द्या. प्रत्येक मुलासमोर एक ओळ पुरते. लगोरीत मागे उभ्या राहणाऱ्या त्या मुलीसमोर मी लिहिलं होतं: "फेक: पाय आणि खांदा येतो, कंबर अजून नाही. झेल: टप्प्याचा येतो, सरळ आलेल्याला डोळे मिटते. आकड्यांचा चेंडू द्या."